तेव्हाचा ताप आणि आजचा एमएस

उजव्या डोळ्यात काजळाचं बोट फिरवून तिने तो क्षणभर मिटला, आणि आरशातली कपाळावरची लाल टिकली विटकरी दिसली. डोळा उघडला, लाल. मिटला, विटकरी. असं तिने चार-पाचदा करून पाहिलं. डावा डोळा लाल रंग विसरला होता. दोन दिवसांनी तो हलवला की दुखायला लागला आणि त्याच्यासमोर दुधी काच धरल्यासारखं दिसू लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण आधी एका डोळ्यासमोर धरलं, मग दुसऱ्या. त्यांनी चष्म्याचा नंबर काढलाच नाही, थेट मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी दिली. पुढे एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, आणि महिन्याभराने आजाराचं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. मुलगी २६ वर्षांची आहे.

ती माझ्या जवळच्या मैत्रिणीची मुलगी. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून घरात काही दुखलं-खुपलं की मैत्रिणीचा फोन मला येतोच. या वेळी तिला कुणीतरी एक बातमी पाठवली होती, ‘एमएस एका विषाणूमुळे होतो’. ती एका दमात म्हणाली, “अगं, म्हणजे हिला लहानपणी काहीतरी झालं आणि मला कळलंच नाही का? माझ्याकडून तर नाही ना लागलं? आता धाकट्याला होईल का?”

बातमी खोटी नव्हती, पण अर्धी होती. उरलेली अर्धी मी तिला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. ती नीट जमली नाही, म्हणून लिहायला बसले.

पंपाची केबल

शेतावरच्या विहिरीत पाण्यातली मोटर असते आणि तिची केबल वरच्या खोपटातल्या पेटीपर्यंत येते. उंदरांनी केबलचं वरचं रबर मध्येमध्ये कुरतडलं की मोटर एकदम बंद पडत नाही. आज चालते, उद्या नुसती गुरगुरते, पावसाची ओल लागली की बसते. मोटर चांगली, वीज आहे, दोष आवरणात.

आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत अशाच लाखो-करोडो बारीक तारा आहेत, त्यांना मज्जातंतू म्हणतात. त्यांच्यावरच्या चरबीयुक्त आवरणाचं नाव मायलिन. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती हे मायलिन ठिकठिकाणी कुरतडते. डोळ्याकडून येणाऱ्या तारेवर हल्ला झाला की नजर अंधुक होते, मज्जारज्जूत झाला की कमरेखाली बधिरपणा येतो, तोल सांभाळणाऱ्या भागात झाला की चालताना झोक जातो. काही आठवड्यांनी सूज उतरते, मायलिनची थोडी डागडुजी होते आणि माणूस बरा वाटतो. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरीकडे हल्ला होतो. आवरण वारंवार गेलं की आतली तारही झिजते आणि ते नुकसान भरून येत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात किंवा कढत पाण्याने आंघोळ केल्यावर अनेक रुग्णांची लक्षणं तात्पुरती वाढतात, कारण आवरण गेलेल्या तारेतून तापलेल्या शरीरात संदेश आणखीच अडखळतो.

जुन्या हल्ल्यांचे घट्ट वण मेंदूत जागोजागी राहतात. ‘अनेक ठिकाणचे वण’ हाच या नावाचा अर्थ. पॅरिसच्या झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. जगात आज २८ लाखांहून अधिक लोकांना तो आहे, त्यांत पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त बायका, आणि बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो. शिक्षण संपतं, नोकरी लागते, लग्नाचं बोलणं सुरू होतं, नेमक्या त्या वयात.

संसर्ग संपला, मग आजार कसला?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले. आधी जुलाब-उलट्या झाल्या, त्या थांबल्या, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पायांतलं बळ गेलं. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. या जंतूच्या बाह्य आवरणावरचे काही रेणू आणि आपल्या हातापायांच्या मज्जातंतूंवरचे रेणू दिसायला सारखे असतात. जंतूला मारण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे शत्रू ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं, चुकून मज्जातंतूंनाच चिकटतात. पोट बरं होतं आणि पाय जातात.

याहून जुनं उदाहरण आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या प्रत्येक डॉक्टरला पाठ आहे. लहान मुलाचा घसा दुखतो, तो स्ट्रेप्टोकोकस जंतूचा असतो, चार दिवसांत उतरतो. काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. त्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. घशातला जंतू हृदयात गेलेला नसतो. त्याच्याशी लढता लढता शरीराने हृदयालाच शत्रू समजलेलं असतं.

आणि तिसरं उदाहरण घरातलं. लहानपणी कांजिण्या झालेल्या आजोबांना सत्तराव्या वर्षी नागीण होते. कांजिण्यांचा विषाणू साठ वर्षं त्यांच्या मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून होता.

ही तिन्ही उदाहरणं लक्षात ठेवा. एमएसच्या बाबतीत ज्याच्यावर बोट ठेवलं गेलंय तो एप्स्टीन-बार नावाचा विषाणू ओळखीचा घोटाळाही करतो आणि मुक्कामालाही राहतो.

धुक्यामुळे वळलेलं विमान

त्याच्या शोधाची हकिकत मी दर वर्षी वर्गात सांगते. डेनिस बर्किट हे सर्जन युगांडात काम करत होते. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका गाठीचं त्यांनी वर्णन केलं होतं. १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी भाषण दिलं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टीन नावाचे तरुण संशोधक होते. ही गाठ विषाणूमुळे होत असावी, असं त्यांच्या डोक्यात भरलं. मग युगांडाहून विमानाने गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन वर्षं काहीच हाती लागलं नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये लंडनला दाट धुकं होतं, म्हणून नमुना घेऊन येणारं विमान मँचेस्टरला उतरवावं लागलं. बाटली उशिरा पोचली तेव्हा आतलं पाणी गढूळ झालं होतं. जंतू शिरून नमुना नासला असं समजून कुणीही ती ओतून दिली असती. एप्स्टीन यांनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. गढूळपणा जंतूंचा नव्हता, प्रवासात हिंदकळून गाठीपासून सुट्या झालेल्या जिवंत पेशींचा होता. सुट्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या, आणि १९६४ च्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. एप्स्टीन आणि त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांच्या नावांवरून त्याला एप्स्टीन-बार विषाणू म्हणतात. तिसरे सहकारी बर्ट अचाँग हे त्रिनिदादचे. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जाणकार, पण विषाणूच्या नावात ते नाहीत. याचं मला नेहमी वाईट वाटतं.

हा विषाणू लाळेतून पसरतो. जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या अंगात तो असतो. आपल्याकडे बहुतेकांना बालपणीच गाठतो आणि साध्या सर्दी-तापापलीकडे काही करत नाही. आजीने मऊ करून भरवलेला घास, एकाच ग्लासातलं पाणी, शाळेच्या मधल्या सुट्टीत फ्रॉकचं टोक धरून चिमणीच्या दातांनी तोडलेला पेरू, यांतून तो कधी आला ते कळतही नाही. मोठेपणी, किशोरवयात किंवा विशीच्या आसपास पहिल्यांदा लागला तर मात्र अनेकांना जोरात ताप येतो, घसा भयंकर दुखतो, मानेला गाठी येतात आणि महिना-दीड महिना गळून गेल्यासारखं होतं. या तापाला मोनो म्हणतात. ताप उतरतो, विषाणू राहतो. त्याचं कायमचं घर म्हणजे बी पेशी. प्रतिपिंडं तयार करण्याचं काम याच पांढऱ्या पेशींकडे असतं. चोराने पोलीस चौकीतच खोली घ्यावी, तसं हे.

सगळं गाव एकाच विहिरीचं पाणी प्यायलं असेल तर?

एमएसचं मूळ संसर्गात असावं असं शार्को यांचे शिष्य पिएर मारी यांनी १८८४ मध्येच म्हटलं होतं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत किती आरोपी आले आणि सुटले! गोवर झाला, कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर झाला, नागिणीच्या कुळातले इतर विषाणू झाले. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं आणि त्यानंतर तिथे एमएसचे रुग्ण दिसू लागले, म्हणून सैनिकांनी काहीतरी आणलं असावं असंही मांडलं गेलं. त्यावर आजही एकमत नाही. त्यामुळे एप्स्टीन-बारचं नाव पुढे आलं तेव्हा अनेक मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘आणखी एक’ म्हणून मान फिरवली, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

अडचण खरी होती. समजा एका गावात पोटाचा आजार आला आणि तुम्हाला एका विहिरीचा संशय आहे. पण गावातली शंभरपैकी पंचाण्णव माणसं त्याच विहिरीचं पाणी पितात. आजारी माणूस तिथलं पाणी प्यायला होता, हे सांगून काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी शेजारीही तेच प्यायलाय. एकच वाट उरते. जी पाच माणसं त्या विहिरीवर कधी गेलीच नाहीत ती शोधायची आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची. पाच माणसांत एमएससारखा विरळा आजार दिसणार नाही, म्हणून गाव अवाढव्य हवं.

असं गाव अमेरिकेच्या सैन्यात सापडलं. तिथे सैनिकांची एचआयव्हीसाठी दर दोन वर्षांनी रक्ततपासणी होते आणि उरलेलं रक्तद्रव गोठवून जपलं जातं. हार्वर्डचे अल्बर्टो अशेरियो, शेटिल ब्यॉर्नेविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत सेवेत असलेल्या १ कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी पाहिल्या. ९५५ जणांना सेवेत असताना एमएस झाला होता. त्यांपैकी ८०१ जणांचे पुरेसे जुने नमुने मिळाले. पहिल्या नमुन्यात ३५ जणांच्या रक्तात एप्स्टीन-बारची खूण नव्हती. ही विहिरीवर न गेलेली माणसं. पुढच्या नमुन्यांत त्यांतल्या ३४ जणांना संसर्ग झालेला दिसला, आणि तो एमएसची लक्षणं सुरू होण्याआधी. तुलनेसाठी घेतलेल्या, एमएस न झालेल्यांपैकी सुरुवातीला संसर्ग नसलेले १०७ जण होते. त्यांतल्या ५७ टक्क्यांनाच त्याच काळात संसर्ग झाला.

८०१ पैकी एकाच रुग्णाच्या शेवटच्या नमुन्यापर्यंत विषाणूची खूण नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट होतो, असा आकडा त्यात होता.

हा ३२ चा आकडा बातम्यांमध्ये फार फिरला आणि माझी मैत्रीण त्यालाच घाबरली. पण ३२ पट कशाच्या? संसर्ग न झालेल्यांमध्ये एमएसचा धोका जवळजवळ शून्य आहे. शून्याजवळच्या आकड्याची ३२ पट करूनही तो लहानच राहतो. या सैन्यातच पाहा, १ कोटीत ९५५. सुमारे दहा हजारांत एक. सैनिक बहुतेक सगळे संसर्ग झालेलेच होते.

आजारच आधी सुरू झाला असेल तर?

ही शंका रास्त आहे. एमएस लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी आत चालू असतो. मग असं का नसेल, की एमएसमुळे बिघडलेल्या प्रतिकारशक्तीमुळे विषाणू सहज शिरतो? म्हणजे आग आधी आणि धूर नंतर, आणि आपण धुराला दोष देतोय.

संशोधकांनी दोन प्रकारे तपासलं. प्रतिकारशक्ती बिघडल्याने दारं उघडी पडली असतील, तर इतर विषाणूही जास्त शिरायला हवेत. सायटोमेगालो नावाचा विषाणूही लाळेतूनच पसरतो. त्याच्या बाबतीत असं काही दिसलं नाही. पुढे माणसाला होणाऱ्या, माहीत असलेल्या बहुतेक विषाणूंची प्रतिपिंडं एकत्र तपासली, तरी फरक फक्त एप्स्टीन-बारच्या बाबतीत निघाला.

दुसरा पुरावा मला जास्त पटतो. मज्जातंतूची तार झिजली की तिच्या आतल्या सांगाड्याचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. न्यूरोफिलामेंट असं त्या प्रथिनाचं नाव. लाकडाला वाळवी लागल्यावर भिंतीशी भुसा दिसतो, तसं. हा भुसा एमएसची लक्षणं येण्याच्या काही वर्षं आधीपासून वाढतो. पुढे एमएस झालेल्या या सैनिकांच्या जुन्या नमुन्यांत तो एप्स्टीन-बारचा संसर्ग होईपर्यंत वाढलेला नव्हता, संसर्गानंतर वाढला. आधी विषाणू, मग झीज, मग लक्षणं.

विषाणू नेमकं काय करतो?

इथे उत्तर पूर्ण नाही. एक दुवा जानेवारी २०२२ मध्येच ‘नेचर’ या नियतकालिकात आला. स्टॅनफर्डच्या टोबियास लांझ, विल्यम रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यातल्या बी पेशी तपासल्या. त्यांना असं प्रतिपिंड सापडलं, जे विषाणूच्या एका प्रथिनाला चिकटतं आणि मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनालाही. दोन्हींचा एक छोटा तुकडा सारखा आहे. घशातला जंतू आणि हृदयाची झडप, तोच घोटाळा. पण अशी प्रतिपिंडं सुमारे पाचांत एक किंवा चारांत एक रुग्णातच सापडली, म्हणजे सगळ्यांची गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

दुसरी शक्यता बी पेशींची. विषाणू राहत असलेल्या बी पेशी दीर्घकाळ जगतात, वेड्यावाकड्या वागतात आणि मेंदूत शिरून सूज चालू ठेवतात. या बाजूने एक मोठी साक्ष औषधांची आहे. ऑक्रेलिझुमॅब, रिटक्सिमॅब ही सलाईनमधून देण्याची औषधं रक्तातल्या बी पेशी जवळजवळ पुसून टाकतात, आणि त्यानंतर एमएसचे नवे हल्ले खूपच कमी होतात. घर मोडलं आणि भाडेकरूही गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण बी पेशी इतरही उद्योग करतात, तेव्हा एवढ्याने खटला संपत नाही. रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदूच्या वणांमध्ये हा विषाणू शोधला, तेव्हा काही प्रयोगशाळांना तो सापडला, काहींना नाही. विषाणू तिथे आज हजर असावा लागतो, की वर्षांपूर्वी एकदा ठिणगी टाकून निघून गेला तरी पुरतं, हा या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा उघडा प्रश्न आहे.

मग आपल्या सगळ्यांना एमएस का होत नाही?

बी पेरलं म्हणून पीक येतंच असं नाही, पण बी नसेल तर पीक येणारच नाही. टीबीचं असंच आहे. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो. आजार होतो त्यांतल्या दहांत एकाला किंवा त्याहून कमी जणांना. म्हणून टीबीला जंतू कारणीभूत नाही असं आपण म्हणत नाही.

एमएसच्या बाबतीत जमीन, ओल, ऊन हे सगळं वेगळं मोजावं लागतं. आनुवंशिकतेचा वाटा आहे. पेशींवरची ओळखपत्रं ठरवणाऱ्या एचएलए जनुकांचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना धोका जास्त असतो. पण एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण सुमारे चारांत एक एवढंच आहे. म्हणजे जनुकं सगळं ठरवत नाहीत. अंगात ड जीवनसत्त्व कमी असणं, धूम्रपान आणि किशोरवयातला लठ्ठपणा हे धोका वाढवणारे घटक वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहेत. आणि संसर्ग कोणत्या वयात होतो, यालाही मोठं महत्त्व आहे. मोनोचा ताप येऊन गेलेल्यांमध्ये एमएसचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसतं.

आपल्याकडे कमी, पण ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलांना?

स्कॉटलंड किंवा कॅनडात लाखामागे २०० हून जास्त लोकांना एमएस असतो. मंगळूर शहरात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ८ च्या आसपास रुग्ण आढळले. पूर्वी भारतात तो याहूनही कमी समजला जाई. एमआरआय यंत्रं आणि मेंदूविकारतज्ज्ञ वाढले तसे रुग्ण ‘सापडू’ लागले. तरीही फरक मोठा राहतोच.

संसर्गाचं वय हे त्याचं एक कारण असावं. आपल्याकडे विषाणू रांगत्या वयात भेटतो. थंड, श्रीमंत देशांत तो अनेकांना कॉलेजात भेटतो, जेव्हा प्रतिकारशक्ती तापट असते. स्थलांतरितांचे अभ्यास याला दुजोरा देतात. साधारण पंधरा वर्षांच्या आत देश बदलला तर नव्या देशाचा धोका लागतो, नंतर बदलला तर बराचसा जुन्याच देशाचा राहतो. भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्या आईबापांना एमएस क्वचितच होई. तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये मात्र तो इंग्रज मुलांइतका दिसू लागला, असं १९९० मधल्या एका पाहणीत आढळलं. लंडन-लेस्टरमध्ये नातवंडं असलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे ठाऊक असावं. घाबरण्यासाठी नव्हे, तर ‘आपल्या लोकांना हा आजार होत नाही’ असं म्हणून कुणी लक्षणं अंगावर काढू नयेत म्हणून.

आणि मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची एक वेगळी नोंद आहे. डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. नादिर भरुचा यांच्यासारख्या मुंबईच्या तज्ज्ञांनी १९८८ ते १९९० च्या सुमारास दाखवून दिलं, की पारशांमध्ये एमएस लाखामागे २० ते २५ च्या घरात आहे. हवा तीच, पाणी तेच, शहर तेच, पण प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. जमीन वेगळी असते म्हणजे काय, ते यावरून कळतं.

तपासणी करावी का? उष्टं टाळावं का?

दोन्ही नको. एप्स्टीन-बारची रक्ततपासणी केली तर ती बहुधा ‘आहे’ असंच सांगेल, आणि त्यावरून एमएस होईल की नाही हे कळत नाही. उष्टं टाळल्याने विषाणू टळत नाही, फार तर पुढे ढकलला जातो, आणि पुढे ढकलणं हेच तर जास्त त्रासाचं दिसतंय. म्हणून मुद्दाम उष्टं खाऊ घालावं असाही अर्थ काढू नका. याच विषाणूचा काही कर्करोगांशी संबंध आहे, आणि त्याची सुरुवातच युगांडातल्या लहान मुलांच्या गाठीपासून झाली होती.

एमएस स्वतः संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या शेजारी बसून, एका ताटात जेवून, लग्न करून तो लागत नाही. हे मी ठासून सांगते, कारण ‘विषाणू’ हा शब्द ऐकताच सोयरीक मोडायला निघणारी माणसं मी पाहिली आहेत.

लक्ष ठेवायचं ते लक्षणांवर. एका डोळ्याची नजर काही दिवसांत अंधुक होणं आणि डोळा हलवला की दुखणं, एकाची दोन दिसणं, कमरेखाली किंवा एका बाजूला दिवसेंदिवस टिकणारा बधिरपणा, मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं वाटणं. एक दिवसाहून जास्त टिकलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. हातापायांना मुंग्या येण्याचं आपल्याकडे याहून कितीतरी सामान्य कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे असतं, तेव्हा मुंग्या आल्या म्हणून रात्र जागवू नका. एमएससारखाच दिसणारा, पण वेगळी औषधं लागणारा एनएमओ नावाचा आजारही आपल्याकडे आढळतो, म्हणून निदान पक्कं होईपर्यंत तपासण्यांचा कंटाळा करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून रुग्णांसाठी काम करते. निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत घरच्यांना औषधाइतकाच बोलायला माणसाचा आधार लागतो.

लस येईल का?

या सगळ्या संशोधनातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. जनुकं बदलता येत नाहीत, विषाणू अडवता येतो. यकृताचा कर्करोग टाळण्यासाठी आपण बाळाला जन्मतःच हिपॅटायटिस बी ची लस देतो, ती याच विचाराने.

एप्स्टीन-बारवरच्या एका जुन्या लसीच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. मोनोचा ताप ७८ टक्क्यांनी कमी झाला, पण संसर्ग थांबला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आणि मॉडर्ना कंपनीने नव्या लसींच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या हाती घेतल्या. त्या यशस्वी झाल्या तरी एमएस खरंच कमी होतो का, हे कळायला फार काळ लागेल. संसर्ग आणि लक्षणं यांच्यातच सैनिकांमध्ये साधारण साडेसात वर्षांचं अंतर होतं. आधीच एमएस झालेल्यांसाठी, विषाणू असलेल्या बी पेशी हुडकून मारणाऱ्या प्रतिकारपेशी बाहेरून देण्याचा एक प्रयोगही झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक पडला नव्हता. हे वाचून मला खूप वाईट वाटलं. तोपर्यंत मी त्या मुलीच्या नावाने त्या चाचणीकडे डोळे लावून बसले होते.

मैत्रिणीला मी शेवटी एवढंच सांगितलं. लहानपणी तिला जे झालं असेल ते तुला, मला, आपल्या आयांनाही झालंय. तू भरवलेल्या घासाने ते झालं असेल किंवा शाळेतल्या पेरूने, ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्या घासाने हा आजार दिला नाही. धाकट्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, तरी तो फार लहान आहे. त्याने सिगारेट ओढू नये.

मुलीला आता सहा महिन्यांतून एकदा सलाईन लागतं. सकाळी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन ती दवाखान्यात जाते आणि संध्याकाळी घरी येते. दीड वर्षात नवा वण नाही. परवा फोनवर तिनेच सांगितलं, अजूनही ती रोज एक डोळा मिटून टिकली बघते. डाव्या डोळ्याला ती आता विटकरी दिसत नाही, जुन्या धुतलेल्या लाल साडीसारखी दिसते.